तांब्याचा रिफ्लक्स स्तंभ घरी बांधताना, आणि पहिल्या धारेचं काय करायचं

वायकाटोकर

लोकहो, नमस्कार.

सासरेबुवा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेत. परवा शनिवारी गॅरेजमध्ये माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. दारू गाळायच्या यंत्राच्या तांब्याच्या नळीच्या टोकाला पहिला थेंब लटकला, पडला, मग टपटप सुरू झाली. मी ती एका बरणीत धरली. दोनशे मिली झाल्यावर बरणी बाजूला ठेवली आणि तिच्यावर मार्करने लिहिलं, 'खिडक्या पुसायला'. सासरे खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, पहिल्या धारेची ना ती?"

उभ्या महाराष्ट्रात जिचा एवढा मान, ती जावई काचा पुसायला ठेवतोय हे त्यांच्या काही पचनी पडेना. त्यांना समजावता समजावता तास गेला. तेव्हा वाटलं, हे एकदा मराठीत लिहूनच काढावं. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाच-सहा जणांनी विचारलंही होतं.

आधी कायद्याचं. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतो. इथे १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे, परवाना लागत नाही. विकायची मात्र एक बाटलीही नाही. जगात अशी मुभा फार थोड्या ठिकाणी आहे. भारतातल्या मंडळींनी हा धागा फक्त वाचावा. तुमच्याकडे नुसतं यंत्र बाळगणंही महागात पडेल.

आता यंत्र. साध्या भट्टीत वाफ वर येते, नळीतून जाते, थंड होते, भांड्यात पडते. एक फेरी, काम संपलं. रिफ्लक्सच्या स्तंभात वाफ माथ्यावर थंड करायची आणि तिचा जो द्रव होईल त्यातला बराचसा पुन्हा खाली सोडायचा. खाली जाणारा द्रव आणि वर येणारी वाफ वाटेत एकमेकांना भेटत राहतात. वाफेतलं पाणी द्रवात उतरतं, द्रवातला अल्कोहोल वाफेत चढतो. हे मीटरभर उंचीत पुन्हा पुन्हा होतं.

बॉयलर म्हणून ५० लिटरचं स्टेनलेसचं पिंप आहे, त्यात दोन किलोवॅटचं एलिमेंट आणि बाहेर रेग्युलेटर. गॅसची शेगडी मी ठरवून टाळली. अल्कोहोलची वाफ गळते ती डोळ्यांना दिसत नाही आणि खाली ज्योत असली तर दुसरी संधी मिळत नाही.

स्तंभ ५० मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या पाइपचा. जुन्या घराच्या पाडकामातून निघालेला, भंगारवाल्याकडून वजनावर घेतला. उंची एक मीटर. व्यासाच्या पंधरा ते वीस पट उंची ठेवावी असा अंदाज आहे, त्यात बसतं. आत तांब्याच्या तारेची जाळी, दोरीसारखी सैल गुंडाळून भरलेली. माथ्यावर आत दोन तिरक्या अर्धगोल पट्ट्या झाळल्यात. वरच्या कॉइलवरून (थंड पाणी फिरणाऱ्या नळीच्या वेटोळ्यावरून) ठिबकणारा द्रव त्या पट्ट्यांवर साचतो. तिथून एक बारीक नळी बाहेर, तिला सुईची तोटी (नीडल व्हॉल्व्ह). तोटी बंद असली की पट्टी भरून वाहते आणि सगळं परत खाली. उघडाल तेवढंच तुमचं.

कॉइल वळवणं हे सगळ्यात किचकट निघालं. सहा मिलिमीटरची तीन मीटर नळी, नुसती वाकवली की चपटी होते. नळीत बारीक कोरडं मीठ ठासून भरलं, दोन्ही टोकं बंद केली आणि झाडूच्या दांड्यावर गुंडाळली. लोक वाळू भरतात, पण वाळू अडकली की अडकली. मिठाला नंतर गरम पाणी दाखवलं की झालं.

सांधे शिसंविरहित कथिलाच्या तारेने झाळले. एक गोष्ट शिकायला मला चार सांधे वाया घालवावे लागले : ज्योत तारेवर धरायची नाही, पाइपावर धरायची. तांबं हवं तेवढं तापलं की तार नुसती टेकवा, कथिल वितळून चकचकीत रेघेसारखं सांध्याभोवती सुर्रकन फिरतं. नाही फिरलं तर तांबं घाणेरडं आहे किंवा गार आहे. तार घासत बसून उपयोग नाही.

पिंप आणि स्तंभ यांच्या जोडात रबर, प्लास्टिक, सिलिकोन काही नाही. टेफ्लॉनची पट्टी. गरम अल्कोहोलची वाफ बाकीच्यांतून काय काय ओढून आणेल सांगता येत नाही. आणि माथा वरून कायम उघडा. यंत्र कुठूनही ठार बंद झालं तर तो बॉम्ब आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी सुरक्षितता आली.

वाचताय तर पुढे लिहितो.

---

शंकासुर

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). खुर्ची टाकून बसलोय, सासरेबुवांच्या शेजारी.

पण शंका नाही काढली तर नावाला कलंक लागेल. मालवणी विसरलात का? २०१५ साली मालाडला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. पहिली धार ओतली की विष गेलं, इतकं सोपं आहे का हे? माझ्या माहितीप्रमाणे विषारी मेथिल अल्कोहोल ६४.७ अंशाला उकळतं, दारूतलं इथिल ७८ ला. म्हणजे ७८ च्या आधीचं सगळं फेकलं की सुटलो?

---

एडिसनकर

वाचतोय. अमेरिकेत ही चैन नाही. बिअर आणि वाइन घरी करता येते (बिअरचा कायदा १९७८ चा, कार्टर यांची सही), पण गाळायची म्हटली की फेडरल गुन्हा. माझ्या तळघरात बिअरचे दोन कार्बॉय (आंबवायचे मोठे बुधले) आहेत, तेवढ्यावर समाधान.

बाकी झाडूच्या दांड्याबद्दल वहिनींचं मत काय?

---

टॉवरवाला

तीस वर्षं डिस्टिलेशन टॉवरांखाली काढली. आधी रसायनी, मग बडोदा. धाग्याचा विषय पाहून राहवलं नाही.

शंकासुर, तुमची शंका रास्त आहे पण तिच्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात.

पहिली. मालवणीसारख्या प्रकरणांत मेथनॉल (तुमचं मेथिल) भट्टीत तयार झालेला नसतो. तो कारखान्यातला औद्योगिक मेथनॉल असतो, कुणीतरी पैसे वाचवायला मिसळलेला किंवा तोच दारू म्हणून विकलेला. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्याच्या नसेवर जातं. साखर आणि यीस्ट यांच्या आंबवणातून मेथनॉल जवळजवळ निघत नाही. फळं आंबवली तर सालीतल्या पेक्टिनमधून थोडा येतो.

दुसरी. उकळबिंदू पाहून पदार्थ शाळेच्या रांगेसारखे एकेक बाहेर पडतात, ही समजूत चुकीची. पाठ्यपुस्तकातल्या 'प्रभाजी ऊर्ध्वपातना'च्या आकृतीने आपलं हे नुकसान केलंय. ते सगळे एकमेकांत विरघळलेले असतात आणि एकत्रच उकळतात. साध्या भट्टीत मेथनॉल पहिल्यापासून शेवटपर्यंत थोडा थोडा पसरतो. उंच स्तंभ पूर्ण रिफ्लक्सवर बराच वेळ चालवला तर तो माथ्याकडे साचतो हे खरं. पण तेवढ्यावर विसंबून मिसळलेलं विष कुणी घरी पुन्हा गाळून 'शुद्ध' करू शकत नाही. तसला प्रयत्न कुणी स्वप्नातही करू नये.

मग धागाकर्ते ओततात ते काय? असिटाल्डिहाइड, इथाइल असिटेट, थोडा असिटोन. नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास येतो तो हा. एक घोट घेतल्याने माणूस आंधळा होत नाही, पण दुसऱ्या दिवशी डोकं कुणी उखळात घालून कांडतंय असं वाटेल.

आता 'पहिल्या धारेची' हा शब्द कुठून आला असेल तेही यातच आहे. साध्या भट्टीत सगळ्यात कडक माल आधी येतो, मग उतरत उतरत नुसतं पाणी. पुढचं पाणचट, फसवणुकीचं. म्हणून मान पहिलीला. तो मान कडकपणाचा होता, शुद्धतेचा नव्हता. सासरेबुवांना सांगा.

थोडं गणित, आवडणाऱ्यांसाठी. आंबवण १० टक्क्यांचं असेल तर पहिली वाफ साधारण ५५ टक्क्यांची येते. ती थंड करून पुन्हा उकळली तर ८२ च्या आसपास. पुन्हा, ९०. मग चढ जवळजवळ संपतो. कितीही उंच स्तंभ बांधा, वजनाने ९५.६ टक्क्यांवर भिंत आहे. तिथे वाफेत आणि द्रवात प्रमाण सारखंच होतं, मग वेगळं काय करणार? स्तंभ म्हणजे एकावर एक रचलेल्या भट्ट्या, तेवढंच.

दोन किलोवॅट म्हणजे सेकंदाला २००० जूल. इथेनॉलचा एक ग्रॅम वाफ करायला ८४० च्या आसपास लागतात. म्हणजे सेकंदाला २.४ ग्रॅम, तासाला साडेआठ किलो, लिटरमध्ये पावणेअकरा. सगळं परत सोडलं तर उत्पन्न शून्य, शुद्धता सर्वाधिक. पाच भाग परत आणि एक भाग बाहेर ठेवलात तर तासाला पावणेदोन-दोन लिटर निघायला हवं. धागाकर्ते, तुमचं किती निघतं?

---

वायकाटोकर

टॉवरवाला काका, दंडवत. माझं तासाला सव्वा ते दीड लिटर निघतं. स्तंभाला बाहेरून काही गुंडाळलेलं नाही, उष्णता वाटेत जात असणार. पाणी मिनिटाला एक लिटरच्या आसपास लागतं.

---

टॉवरवाला

मिनिटाला लिटर म्हणजे पाणी जाताना तीसेक अंशांनी गरम होत असेल, हिशेब बरोबर आहे. स्तंभाला लोकर, काच-लोकर, जुनं घोंगडं, काहीही गुंडाळा. न गुंडाळलेल्या भिंतीवरही वाफ थंड होते, तो रिफ्लक्सच, पण तुमच्या हातात नसलेला. वाऱ्याची झुळूक आली की बिघडणार.

---

कसबापेठी

वा! आमच्या घराच्या विषयावर कुणीतरी लिहिलं. मामांचं दुकान तांबट आळीत. लहानपणी सुट्टीत तिथेच असायचो, सकाळी सहाला ठोकाठोकीचा आवाज सुरू. आता आळीत ते आवाज कमी झालेत.

तांब्याबद्दल दोन शब्द. तांबं ठोकत गेलं, वाकवत गेलं की ते कडक होतं आणि मग चिरतं. मऊ करायचं तर लाल होईपर्यंत तापवायचं आणि सरळ पाण्यात बुडवायचं. लोखंडाच्या बरोबर उलट. नळी वाकवताना मध्येच हाताला 'नाही' म्हणायला लागली की जबरदस्ती न करता पुन्हा तापवा.

पितळ शक्यतो टाळा, त्यात जस्त तर असतंच, शिसंही असू शकतं. आणि भंगारातला पाइप असेल तर जुने सांधे कापून टाका, ते शिशाचे असू शकतात. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात लोकांनी गाड्यांचे रेडिएटर कंडेन्सर म्हणून, म्हणजे वाफ थंड करायला, वापरले आणि शिशाने आजारी पडले, ते असंच.

एक प्रश्न मात्र मलाच आहे. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर ताक कळकतं, आमटी कळकते. नवसागराचा धूर काढत कल्हईवाला दारात बसायचा तो उगाच नाही. मग तुमच्या यंत्रात आतून कल्हई नको का?

---

वायकाटोकर

सुरेख प्रश्न. मलाही आईने फोनवर हेच विचारलं होतं, "कल्हई केलीस का रे?"

इथे तांबं हवंच ते त्याच्या उघड्या अंगासाठी. यीस्ट आंबवताना गंधकाची संयुगं सोडतं, कुजक्या अंड्याचा वास असलेली. गरम वाफ तांब्यावरून गेली की तो गंधक तांब्याला चिकटतो, काळा थर बसतो. कल्हई केली तर वाफेला तांबं भेटणारच नाही. मी पहिल्यांदा एका मित्राच्या पूर्ण स्टेनलेसच्या यंत्रातला माल चाखला होता. उकडलेलं अंडं सोलताना येतो तसा वास, मागे कुठेतरी. त्याने स्तंभात थोडी तांब्याची जाळी घातली आणि वास गेला.

कळकण्याची भीती आहे ती वेगळ्या जागी. यंत्र ओलं ठेवून दिलं तर आत हिरवं चढतं आणि पुढच्या खेपेला पहिला माल निळसर येतो. तसा रंग दिसला तर सरळ ओतायचं. मी दर वेळी जाळी काढून सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात बुडवतो. दहा मिनिटांत काळी जाळी गुलाबी होते, बघत बसावं असं दृश्य. मग स्वच्छ पाणी आणि उन्हात. पितांबरी चालेल का असं विचारणाऱ्या व्यनिला उत्तर : बाहेरून खुशाल, आतून नको, पूड सांध्यात बसते.

नवीन यंत्र बांधलं की आधी नुसतं पाणी, मग निम्मा व्हिनेगर, मग एक स्वस्तातलं आंबवण गाळून ते सगळंच्या सगळं फेकायचं. झाळताना लावलेल्या फ्लक्सचा अंश, हातांचं तेल, सगळं त्यात जातं. ही तिसरी खेप फेकताना जीव तुटतो. पण फेका.

आता फजितीही सांगून टाकतो. पहिल्या खऱ्या खेपेला जाळी मी कापूस पिंजून भरावा तशी गच्च भरली होती. जास्त तांबं, जास्त चांगलं, असा हिशेब. आणि एलिमेंट पूर्ण दोन किलोवॅटवर. अर्ध्या तासाने स्तंभातून हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज यायला लागला. मला वाटलं, वा, उकळतंय. माथ्यावरचा तापमापक ७८ वरून ८४, परत ७९, परत ८६ असा वेड्यासारखा नाचत होता. मग वरच्या उघड्या तोंडातून पांढरट पाणी उसळून माझ्या बुटांवर. वाफेच्या जोरापुढे खाली येणाऱ्या द्रवाला वाटच मिळत नव्हती, तो मध्येच साचला आणि स्तंभ तुंबला. एलिमेंट बंद करून पंधरा मिनिटं थांबलो. दुसऱ्या दिवशी निम्मी जाळी बाहेर काढली. फुंकर मारली तर श्वास सहज पलीकडे जायला हवा, एवढीच भरायची. तो गुडगुड आवाज आता कुठेही ऐकला तरी पाय आपोआप मागे घेतो.

---

काजूबोंड

धागा मस्त. मी डिचोलीची, बाबांची काजूची भट्टी आहे, रीतसर अबकारी परवान्याची. त्यामुळे मी कुणाला भीत नाही. (हलकेच घ्या.)

आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून मे पर्यंत हंगाम. झाडाखाली पडलेली बोंडंच गोळा करायची, तोडायची नाहीत. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवायची, रस निघतो, शेवटी भार ठेवून जो अलगद गळतो तो नीरो. तो फ्रिजमध्ये ठेवून पिणं म्हणजे सुख. बाकीचा रस मातीच्या मोठ्या भांड्यात तीन दिवस आपसूक आंबतो. यीस्ट घालत नाही, साखर नाही, पाणी नाही. मग भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात. पूर्वी भाण मातीचं, आता तांब्याचं. आजोबांच्या वेळी वाफ लाकडी नळीतून लावणीत जायची, लावणी म्हणजे मातीचं गोल भांडं, आणि एक माणूस नारळाच्या करवंटीने तिच्यावर सतत थंड पाणी ओतत बसायचा. तोच कंडेन्सर. आता सिमेंटच्या टाकीत तांब्याचं कॉइल. भाणाच्या तोंडाचा सांधा अजूनही वारुळाची माती आणि फडकं. तुमच्या टेफ्लॉनला उत्तर!

पहिलं गाळलेलं ते उर्राक. हलकं, लिंबू-मीठ-मिरची घालून दुपारी प्यायचं, टिकत नाही. उर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून गाळली की फेणी. कडकपणा 'ग्राव'मध्ये मोजतात, पोर्तुगीज काळापासून. फेणी एकोणीस-वीस ग्रावची. बाबा मात्र बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघतात. फेण म्हणूनच फेणी, असं सांगतात. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं.

आता माझा मुद्दा. तुमच्या या मीटरभर नळकांड्यात फेणी घातली तर काय बाहेर येईल? स्पिरिट. बोंडाचा वास, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो तुम्ही गाळून टाकणार. शुद्ध शुद्ध करत शेवटी उरतं काय तर इस्पितळातला वास. मला तरी यात मजा दिसत नाही.

---

शंकासुर

+१ काजूबोंड. आणि सिंधुदुर्गातली बोंडं झाडाखाली कुजतात त्याचं काय? सीमा ओलांडली की तेच बोंड वारसा आणि अलीकडे गुन्हा.

---

टॉवरवाला

काजूबोंड ताई, तुमचं शंभर टक्के खरं. स्तंभ आणि भट्टी ही दोन वेगळी हत्यारं आहेत. वास ज्यात असतो ती एस्टरं, जड अल्कोहोलं, तेलं, हेच सगळं रिफ्लक्स मागे ढकलतो. स्तंभाचं काम व्होडका आणि जिनसाठीचा कोरा आधार करणं. कुऱ्हाडीने भाजी चिरायची नसते आणि विळीने लाकूड फोडायचं नसतं.

---

वायकाटोकर

काजूबोंड, भांडायला आलो होतो पण हत्यार टाकतो. कारण माझ्याच बागेने मला हे शिकवलं.

इथे फेजोआ नावाचं फळ होतं, हिरवं, अंड्याएवढं, पेरूचा लांबचा भाऊ. शरद ऋतूत, म्हणजे इथल्या एप्रिलमध्ये, झाडाखाली सडा पडतो. तोडायची नसतातच, पडलेलीच खायची. ऑफिसात लोक पिशव्या भरभरून आणतात आणि कुणी घेईना म्हणून पँट्रीत ठेवून पळून जातात. तुमच्या बोंडांसारखंच. मागच्या वर्षी वीस किलो आंबवली आणि मोठ्या हौसेने स्तंभातून काढली. ९२ टक्के. हातावर दोन थेंब चोळून वास घेतला तर फेजोआचा मागमूस नाही. दुसऱ्या खेपेला जाळी पूर्ण काढली, माथ्याच्या जागी नुसती वाकडी नळी लावली, सावकाश गाळलं. गॅरेजभर फेजोआ. शेजारीण कुंपणापलीकडून विचारायला आली की जॅम करताय का.

फळात पेक्टिन असतं म्हणून सालं आणि चोथा उकळीत घालत नाही, रस गाळूनच घेतो.

---

वाळा_आणि_गुलाब

मी पुण्याजवळ शेती करते. मला दारूत रस नाही, पण तांब्याच्या यंत्रात आहे. गवती चहा आणि वाळा यांचं तेल, थोडं गुलाबपाणी काढायचं आहे. असं यंत्र चालेल का? आणि कायद्याने अडचण?

---

टॉवरवाला

ताई, तुम्हाला रिफ्लक्स मुळीच नको. तेलासाठी वाफ एकदाच पानांतून जावी आणि थंड व्हावी. कन्नौजला अत्तरवाले शेकडो वर्षं हेच करतात : तांब्याचा देग (उकळायचं भांडं), बांबूचा चोंगा (नळी), पाण्यात बुडवलेला भपका (वाफ थंड होऊन साचते ते भांडं), सांध्याला माती. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं, वास त्यात उतरतो. तुम्ही रुंद भांडं घ्या, तळाशी पाणी, वर जाळीवर पानं, झाकणाला नळी, आणि नळीच्या शेवटी तेल वेगळं होईल असं उभट भांडं. गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं.

---

संपादक मंडळ

सूचना : महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली परवान्याशिवाय दारू गाळणं आणि त्यासाठी साधनं बाळगणं हा गुन्हा आहे. सुगंधी तेलाचं यंत्र वेगळं, तरीही ते काढण्याआधी स्थानिक उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्यावं. इथे भारतातल्या विक्री-खरेदीचे प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत.

---

एडिसनकर

ते दोन कुठले होते, कळलं असतं तर बरं झालं असतं.

---

कसबापेठी

धागाकर्ते, प्रत्यक्ष खेप कशी चालते तेही लिहा ना. वेळ, साखर, किती निघते. सांधे झाळण्यावरून पुढे गेलाच नाहीत.

---

वायकाटोकर

लिहितो. साखर सहा किलो, पाणी घालून पंचवीस लिटर, यीस्ट आणि त्याचं खाद्य. दहा-बारा दिवसांत बुडबुडे थांबतात, साधारण १४ टक्के. तळाचा गाळ पिंपात जाऊ द्यायचा नाही, एलिमेंटवर करपतो आणि तो करपट वास शेवटपर्यंत सोडत नाही.

सकाळी आठला एलिमेंट सुरू. तापमान साठ अंशांच्या आसपास आलं की कॉइलमध्ये पाणी सोडायचं, आधी नाही, नंतर तर मुळीच नाही. नळाचं पाणी मध्येच बंद झालं तर वाफ सरळ गॅरेजमध्ये येईल, म्हणून मी तिथून हलत नाही. स्वयंपाकघरात चहा आणायलाही नाही, चहा बाहेर येतो. गॅरेजचं दार उघडं, अग्निशामक हाताशी.

माथा गरम झाला की तोटी बंद ठेवून पाऊण तास नुसतं बसायचं. इथेच बहुतेक लोक चुकतात. काहीच बाहेर येत नाही, बिल वाढतंय, हात तोटीकडे जातो. पण याच पाऊण तासात हलकं सगळं वर जमा होतं. तापमापक ७८ च्या जवळ येऊन दशांशानेही हलेनासा झाला की तोटी केसभर उघडायची. थेंब मोजता यावेत इतकीच. पहिले दोनशे मिली बाजूला. मग अडीचशे मिलीच्या बरण्या, प्रत्येकीवर आकडा. शेवटाकडे तापमान दोन-तीन दशांश सरकलं की भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतो, तिथे थांबायचं.

बरण्यांवर कापड टाकून रात्रभर ठेवतो. दुसऱ्या दिवशी एकेका बरणीतलं थोडं पाण्यात मिसळून वास घेतो, मग कुठली ठेवायची ते ठरवतो. गाळताना नाक थकलेलं असतं, तेव्हाचा निर्णय खोटा. सगळं धरून अडीच लिटर चांगला माल, ९३-९४ टक्क्यांचा. चाळीसवर आणला की पावणेसहा लिटर. पाण्यात मिसळल्याशिवाय तो चाखायचाही नाही, कापतो.

---

शंकासुर

आणि सासरेबुवा? पटलं का त्यांना?

---

वायकाटोकर

टॉवरवाला काकांचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 'मान कडकपणाचा होता' या वाक्याला त्यांनी मान डोलावली, पण काही बोलले नाहीत. काल संध्याकाळी गॅरेजमध्ये गेलो तर ती 'खिडक्या पुसायला'ची बरणी उघडी आणि ते समोर बसलेले. माझा ठोका चुकला. तर त्यांनी रुमालाचं टोक बुडवलं, चष्मा काढून दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून बघितल्या.

"निघतं स्वच्छ," म्हणाले, आणि झाकण लावलं.